एकाच गावच्या दोन गुहा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धावरच्या एका माहितीपटात सायपान बेटावरच्या बायका कड्यावरून समुद्रात उड्या टाकताना पाहिल्या. काही केल्या ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. शरण जाण्यापेक्षा मरण बरं, ही सम्राटनिष्ठा जपानी माणसाच्या रक्तातच होती का?

उत्तर : रक्तात म्हणावं, तर १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात सुमारे दोन हजार जपानी सैनिक रशियाच्या कैदेत होते आणि युद्ध संपल्यावर ते मायदेशी परतले. सामुराईंचं म्हणाल, तर तो समाजातला लहानसा वर्ग. हाराकिरी हा त्यांचा आचार. शेतकऱ्या-कोळ्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

ही निष्ठा शिकवली गेली. सैनिकांसाठी सम्राट मेइजींच्या नावाने १८८२ मध्ये आज्ञापत्र निघालं. त्यात कर्तव्य पर्वताहून जड आणि मरण पिसाहून हलकं ठरलं. १८९० मध्ये शिक्षणाचं आज्ञापत्र आलं, आणि शाळाशाळांतून मुलं सम्राटाच्या तसबिरीपुढे वाकू लागली. पुढे १९३२ मध्ये शांघायच्या लढाईत मेजर कुगा नोबोरु बेशुद्ध अवस्थेत चिनी सैन्याच्या हाती लागले. सुटका झाल्यावर ते पुन्हा त्या रणभूमीवर गेले आणि त्यांनी जीव दिला. त्यांच्यावर चित्रपट निघाले, नाटकं झाली. माझ्या मते कोणत्याही हुकमापेक्षा या कौतुकानेच जास्त घात केला. जानेवारी १९४१ मध्ये युद्धमंत्री तोजो हिदेकी यांनी ‘सेनजिनकुन’ ही सैनिकांची आचारसंहिता काढली, तोवर मनं तयार होती. कैदेची नामुष्की पत्करून जगू नये, असं तिच्यात स्पष्टच होतं. मे १९४३ मध्ये आत्तू बेटावर दोन हजारांहून जास्त जपानी सैनिक मेले, जिवंत सापडले ते तीसही नव्हते. सरकारने या संहाराला ‘ग्योकुसाई’ म्हटलं, म्हणजे रत्नाचा चुरा.

निष्ठेच्या जोडीला भीती होती. पकडला गेलेला माणूस गावाच्या लेखी मेला, आणि घरच्यांच्या कपाळी ‘हिकोकुमिन’, म्हणजे देशाशी बेइमान, हा शिक्का. अमेरिकेच्या कैदेतले कितीतरी जपानी खोटं नाव सांगत, घरी कळवू नका म्हणून विनवत.

आता ओकिनावाकडे या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. ही बेटं म्हणजे पूर्वीचं र्‍युक्यूचं राज्य. जपानने ते १८७९ मध्ये खालसा केलं. तिथल्या शेतकऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी जपानी सम्राटाची प्रजा म्हणून जन्मही घेतला नव्हता. १ एप्रिल १९४५ला अमेरिकन फौजा योमितान गावाच्या किनाऱ्यावर उतरल्या. तिथल्या नामिहिरा वस्तीतली माणसं दोन गुहांत लपली होती. चिबिचिरी गुहेपाशी येऊन अमेरिकनांनी बाहेर बोलावलं, मारणार नाही असं सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. शत्रू पुरुषांना हालहाल करून मारतो, बायकांची अब्रू घेतो, हेच वर्षानुवर्षं कानांवर आदळलेलं. चीनमध्ये जपानी सैन्याने काय केलं ते पाहून आलेलीही माणसं आत होती. जिंकणारा काय करतो हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्या गुहेत ऐंशीहून अधिक जीव गेले. निम्म्याहून जास्त मुलं होती. पोटच्या लेकरांना आयांनी आधी मारलं. याला आत्महत्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही; चार-पाच वर्षांच्या पोराला कसला सम्राट आणि कसली अब्रू?

जवळच्याच शिमुकु गुहेत सुमारे हजार माणसं होती. तीच वस्ती, तेच शिक्षण, तीच तसबीर. फरक इतकाच, की हवाईत मजुरी करून परतलेले दोघे जण त्यांच्यात होते. अमेरिकन माणूस त्यांनी जवळून पाहिला होता. उगाच कुणाला मारणार नाहीत ते, असं त्यांनी लोकांना समजावलं, स्वतः बाहेर जाऊन सैनिकांशी इंग्रजीत बोलले. सगळी माणसं जिवंत बाहेर आली.

ओकिनावातल्याच तोकाशिकी बेटावर तर सैन्यानेच गावकऱ्यांना मरण्यासाठी हातबॉम्ब वाटले होते. तरीही २००७ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने ओकिनावातल्या अशा मृत्यूंमागची सैन्याची सक्ती पाठ्यपुस्तकांतून वगळायला लावली. ओकिनावाची जनता त्या सप्टेंबरात प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरली.

चिबिचिरीतून जे वाचले, ते १९८३ पर्यंत गावातही त्याविषयी बोलत नसत. मारणारे आणि मेलेले एकाच घरातले होते.