चौघींची फुगडी आणि हर्मिटची बहुपदी

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या क्वांटमच्या पुस्तकात दुसरी हर्मिट बहुपदी ४क्ष² − २ अशी दिली आहे, तर संख्याशास्त्राच्या पुस्तकात क्ष² − १ अशी. यातली खरी कुठली? आणि ही एकच बहुपदी दोन इतक्या वेगळ्या विषयांत शिरली कशी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत, फक्त गज वेगळा आहे. संख्याशास्त्रातल्या क्ष² − १ मध्ये क्षच्या जागी √२ क्ष लिहा. २क्ष² − १ मिळेल. त्याला दोनने गुणलं की ४क्ष² − २ तयार. संख्याशास्त्रवाले सगळं प्रमाण विचलनाच्या मापात मोजतात आणि आपल्या सोयीसाठी पहिल्या पदाचा सहगुणक १ ठेवतात. भौतिकीवाल्यांचा घंटेच्या आकाराचा वक्र थोडा अरुंद असतो, म्हणून त्यांच्याकडे दोनाचे घात चिकटतात. परीक्षेत मात्र कुठल्या विषयाचा पेपर आहे ते आधी बघायला सांगा!

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फुगडीतून चांगलं कळतं. संख्याशास्त्रातली चौथी हर्मिट बहुपदी अशी आहे : क्ष⁴ − ६क्ष² + ३. हे १, ६, ३ आकडे कुठून आले? जाई, जुई, शेवंती आणि चंपा अंगणात उभ्या आहेत. कोणीच फुगडी घातली नाही, असा प्रकार एकच. एकच जोडी घुमतेय आणि दोघी बघताहेत, असे प्रकार सहा. चौघीही घुमताहेत, असे प्रकार तीन, कारण जाईची जोडीदारीण ठरली की उरलेल्या दोघींना पर्याय राहत नाही. बघत उभ्या राहिलेल्या मुली जितक्या, तितका क्षचा घात. आणि प्रत्येक जोडीगणिक चिन्ह उलटं. झाली बहुपदी तयार.

हा नुसता योगायोग नाही. घंटाकृती वक्रानुसार विखुरलेली एखादी राशी घ्या, जिची सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन १ आहे. तिच्या वर्गाची सरासरी १ येते, चौथ्या घाताची ३, सहाव्या घाताची १५. चार मुलींच्या पूर्ण जोड्या लावायचे प्रकार ३ आणि सहा मुलींच्या १५! जोड्या लावणं या वक्राच्या अंगातच आहे. हर्मिट बहुपदी त्या जोड्यांचा हिस्सा वजा करून टाकते. वरच्या चौथ्या बहुपदीची सरासरी काढून बघा : ३ − ६ + ३, म्हणजे शून्य. म्हणून जिथे हा वक्र, तिथे मागोमाग ही बहुपदी.

भौतिकीत हा वक्र स्प्रिंगच्या गोष्टीत येतो. श्रोडिंगर यांनी १९२६ साली आपलं समीकरण दोलकाला लावलं, तेव्हा कणाची सर्वांत शांत अवस्था घंटेच्या आकाराची निघाली. वरच्या अवस्था म्हणजे तीच घंटा गुणिले एकेक हर्मिट बहुपदी. ऊर्जाही सारख्या पायऱ्यांनी चढते : अर्धी पायरी, दीड, अडीच. दुसरी बहुपदी दोन ठिकाणी शून्य होते, म्हणून त्या अवस्थेत कण दोन जागी कधीच सापडत नाही आणि आलेखाला तीन उंचवटे दिसतात. लेझरच्या झोतातही हेच डोळ्यांना दिसतं. झोताचा छेद कागदावर घेतला आणि आडव्या दिशेला दुसरी, उभ्या दिशेला पहिली बहुपदी असली, तर एका ठिपक्याऐवजी तीन रकाने आणि दोन ओळी, असे सहा ठिपके उमटतात.

आता नावाविषयी. शार्ल हर्मिट (फ्रेंच उच्चार एर्मीत) यांनी १८६४ साली या बहुपदी नव्या म्हणून मांडल्या, पण त्या नव्या नव्हत्या. लाप्लास यांच्या १८१० च्या लेखनात त्या चटकन ओळखू न येणाऱ्या रूपात आहेत आणि चेबिशेव्ह यांनी १८५९ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास केला होता. तरी हर्मिट यांच्या पदरी एक अस्सल भर आहेच. एकाऐवजी अनेक चलांच्या बहुपदी त्यांनीच प्रथम मांडल्या. या घराण्याचा विस्तार तिथूनच सुरू झाला.

पुढचा विस्तार समजायला पुन्हा अंगणात जाऊ. खेळाचा नियम बदला. दोघी सासरच्या, दोघी माहेरच्या. फुगडी फक्त सासर-माहेर अशीच घालायची. मग एका जोडीचे प्रकार ४, दोन जोड्यांचे २. क्ष² − ४क्ष + २ ही लागेर बहुपदी याच आकड्यांची आहे (इथे क्षचा घात एकाच बाजूच्या उभ्या मुली मोजून धरायचा). हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे सांगताना लागेर यांच्याच बहुपदी लागतात. आणखी एक नियम : चौघी रांगेत आहेत आणि शेजारणीचाच हात धरता येतो. आता प्रकार १, ३, १. क्ष⁴ − ३क्ष² + १ ही चेबिशेव्ह यांच्या घराण्यातली. या टोकापासून हर्मिटच्या टोकापर्यंत हळूहळू सरकता येईल अशी एक कळही गणितात आहे. तिचं नाव क्यू. ती शून्य केली की चेबिशेव्ह, एक केली की हर्मिट. मधल्या सगळ्या क्यू-हर्मिट.

म्हणजे व्यापक रूपं म्हटलं की घाबरायचं कारण नाही. कोणी कोणाचा हात धरायचा, एवढा नियम बहुतेक वेळा बदललेला असतो. मुलीला एक गृहपाठ द्या : पुस्तक मिटून पाच मुलींच्या फुगड्या मोजायच्या. एक जोडी लावायचे प्रकार १०, दोन जोड्यांचे १५, आणि पाचवी बिचारी दर वेळी उभीच. मग संख्याशास्त्राचं पुस्तक उघडून पाचवी बहुपदी बघा. क्ष⁵ − १०क्ष³ + १५क्ष. शेवटच्या पदातला तो एकटा क्ष म्हणजे ती उभी राहिलेली मुलगी.