वाद्याचे वजन आणि वादकाचा खांदा

वाद्याचे वजन वादकास बाधते की नाही, हा प्रश्न प्रथम ऐकताच क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. मैफलीस गेलेला श्रोता स्वराची गोडी पाहतो, तालाचा पक्केपणा पाहतो. वाद्य किती किलोचे आहे हे विचारण्याचे त्यास कधी सुचत नाही. आम्हांसही तो प्रश्न असाच क्षुल्लक वाटला होता, आणि त्यामुळे एका विद्यार्थ्याच्या बाबतीत आमच्या हातून चूक घडली. त्या चुकीची हकीकत प्रथम सांगून मग विषयाकडे वळावे, असे आम्ही योजिले आहे.

आमच्या वसतिगृहात नववीच्या वर्गातील एक मुलगा आहे. तो चुडाव्याचा. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडच्या दिशेने निघाली की जे लहानसे स्थानक लागते, तेच हे चुडावा. जलद गाडीतील प्रवाशास त्याची पाटी तेवढी दिसते. या मुलाच्या घरी पखवाजाची परंपरा आहे. आजोबा गावच्या भजनात वाजवीत आले, आणि नातू दहाव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी उभा राहून वाजवू लागला. त्याचा ताल पक्का आहे हे पाहून शाळेच्या वाद्यवृंदात आम्ही त्याच्या गळ्यात बास गिटार घातली. ज्या पालकांनी हे वाद्य जवळून पाहिले नसेल त्यांच्याकरिता सांगतो की, ही विजेवर चालणारी, चार जाड तारांची, लांब दांडीची गिटार असते. तिचे काम खर्जाचे. गाण्याची भिंत जिच्यावर उभी राहते तो पाया तिने भरावयाचा.

मुलाने दोन महिन्यांत वाद्य बऱ्यापैकी हस्तगत केले. नंतर एके दिवशी तो संकोचत म्हणाला, "सर, डावा खांदा भरून येतो, अन् करंगळीला मुंग्या येतात." यावर आम्ही काय उत्तर दिले असेल? जो मुलगा सप्ताहात पखवाज गळ्यात घालून उभा राहतो, त्याने या लाकडाच्या फळीचे ओझे सांगावे हे त्यास शोभत नाही. सवय झाली की सर्व ठीक होईल, असे आम्ही म्हणालो. तो काही बोलला नाही. पुढे तालमीस उशिरा येऊ लागला, मग येईनासा झाला, आणि अखेर आपणांस वाद्यवृंदातून मोकळे करावे असे त्याने चिठ्ठीवर लिहून दिले. त्या चिठ्ठीत खांद्याचा उल्लेख नव्हता. अभ्यास मागे पडतो, एवढेच कारण होते.

मुलाने कारण लपविले की आमचा उपहास त्याच्या मनास लागला, हे ठरविणे कठीण नव्हते. म्हणून आम्ही उशिरा का होईना, जे प्रथम करावयास हवे होते ते केले. बास गिटार उचलून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेविली. ती साडेचार किलोस किंचित कमी भरली. या जातीच्या वाद्यांत हे वजन मध्यम समजावे. साडेतीन ते साडेचार किलोपर्यंतची वाद्ये सर्रास आढळतात, आणि जुनी, भरीव लाकडाची काही त्याहूनही जड असतात. दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलाबरोबर चुडाव्यास गेलो. तेथे आजोबांचा पखवाज धान्याच्या काट्यावर ठेविला, तो जवळजवळ दुप्पट भरला. मग गूढ अधिकच वाढले. दुप्पट वजन ज्या देहाने तक्रार न करता पेलले, तो देह निम्म्या वजनाने का थकावा?

त्या कोड्याची किल्ली आम्हांस आजोबांच्या अंगणातच सापडली. त्यांनी नातवाची गिटार कौतुकाने मागून घेतली, पट्टा गळ्यात घातला आणि आपल्या सवयीप्रमाणे दोन्ही हात सोडून उभे राहिले. त्याबरोबर वाद्याची दांडी सरसर खाली गेली आणि खुंट्यांचा शेंडा जमिनीकडे वळला. आजोबा हसून म्हणाले, "ह्याचं तोंड जड हाय, लेकरा. हे वाजवायचं का धरून बसायचं?"

या एका वाक्यात सर्व शास्त्र आले. पखवाज गळ्यात घातला की तो पोटासमोर आडवा राहतो. डावे तोंड जितके डावीकडे, उजवे तितकेच उजवीकडे. मध्य वादकाच्या नाभीसमोर. हात सोडले तरी तो जागचा हलत नाही, कारण एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूने तोलला जातो. हातांना वाजविण्यावाचून दुसरे काम उरत नाही. बास गिटारीचे तसे नाही. तिचे धड उजवीकडे, दांडी डावीकडे दूरवर गेलेली, आणि दांडीच्या अगदी टोकाशी लोखंडी खुंट्यांचा झुबका. पट्टा एका खांद्यावर. दांडी खाली जाऊ नये म्हणून डावा हात तिला खालून उचलून धरतो, आणि त्याच हाताने जाड तारा दाबावयाच्या असतात. म्हणजे एकाच हाताने हमालीही करावयाची आणि कारागिरीही.

शाळेत तरफेचा नियम शिकविला जातो. तो येथे लावून पाहू. समजा, एक खुंटी 100 ग्रॅमची आहे. चार खुंट्या 400 ग्रॅमच्या झाल्या. वाद्य ज्या जागी तोलले जाते तेथून त्या 70 सेंटिमीटर अंतरावर आहेत असे धरा. 400 गुणिले 70 म्हणजे 28,000. आता दुसऱ्या बाजूस, केवळ 10 सेंटिमीटर अंतरावर भार ठेवून हा तोल साधावयाचा झाल्यास 2,800 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन किलो ठेवावे लागतील. चारशे ग्रॅमांनी तीन किलोंस अडवून धरावे, ही अंतराची करामत होय. उलट, खुंट्या निम्म्या वजनाच्या बसविल्या तर धडाकडील 1,400 ग्रॅम भाराची गरज संपते. म्हणून "वाद्य किती जड" या प्रश्नापेक्षा "ते कोठे जड" हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

कोणी विचारील, मग ही दांडी इतकी लांब केलीच कशाला? त्यास कारण आहे. खर्जाचा स्वर हवा असेल तर तार लांब तरी असावी, जाड तरी असावी, किंवा सैल तरी असावी. फार सैल तार फडफडते, फार जाड तार बोटांस ऐकत नाही. म्हणून लांबी वाढवावी लागते. बास गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे 41 कंपने करते, म्हणजे साध्या गिटारीच्या खालच्या तारेच्या निम्मी. तिच्या तारेचा वाजणारा भाग बहुधा 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर असतो. लांबीचा हा दोष तिच्या कामातूनच उत्पन्न झाला आहे, कारागिराच्या अज्ञानातून नव्हे.

पूर्वी हे काम पाश्चात्य संगीतात डबल बास नावाचे वाद्य करीत असे, आणि आजही करते. व्हायोलिनचा तो थोरला भाऊ, माणसाहून उंच. त्याचे वजन बास गिटारीच्या दुप्पट वा अधिक असू शकते. परंतु ते जमिनीवर उभे असते व वादक त्यास केवळ सावरतो. वाजविताना त्याचा भार वादकास जवळजवळ शून्य! त्रास होई तो नेण्या-आणण्याचा. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात रेडिओ दुरुस्तीचा धंदा करणारे लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये आपली प्रिसिजन बास नावाची गिटार बाजारात आणिली, तेव्हा खर्जाचे वाद्य सहज उचलून नेता येण्याजोगे झाले. नवल असे की, वाहण्याचा त्रास कमी करणाऱ्या त्या युक्तीने वाजविण्याच्या वेळचा भार मात्र जमिनीवरून उचलून माणसाच्या खांद्यावर ठेविला. फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसत, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे 1980 च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर या कल्पक गृहस्थांनी दांडीचा शेंडाच कापून टाकिला आणि खुंट्या उचलून धडाच्या शेवटी बसविल्या. हे गृहस्थ मूळचे लाकूडसामानाची आखणी करणारे. बिनडोक्याची ती गिटार अनेकांस विद्रूप वाटली. आम्हांसही चित्रात पाहताना ती तुटलेली वाटते. परंतु तोल साधला, हे कोणासही नाकारता येणार नाही.

आता आपल्या इकडे पाहू. वजन अंगावर घेऊन वाजविण्याची विद्या आपल्या लोकांस फार जुनी आहे, आणि त्यांनी ते कोठे ठेवावे याचा विचार पुस्तकावाचून केलेला दिसतो. गोंधळ्याचा संबळ कमरेस बांधलेला असतो. पुण्याच्या मिरवणुकीतील ढोलही कमरेस आवळून बांधतात, म्हणजे भार मानेवर न येता कटीच्या हाडांवर येतो. पाणी वाहणारी बाई डोक्यावर चुंबळ ठेवून घागर घेते तेव्हा ओझे पाठीच्या कण्याच्या सरळ रेषेत असते. कावडीने ते दोहों बाजूंस सारखे वाटले जाते. एका खांद्यावर एकांगी ओझे तासन्‌तास ठेवण्याची चाल आपल्या श्रमिकांत क्वचितच दिसेल, आणि तो खांदा बदलल्यावाचून तर राहतच नाही.

वजनाबरोबर वेळेचाही हिशोब आहे. सप्ताहातील वीणा ही पखवाजापुढे हलकीच म्हणावयाची; पण सात दिवस आणि सात रात्री ती अखंड उभी राहावयाची, भूमीस टेकावयाची नाही. हे एका माणसाच्याने होणे नाही. म्हणून पहारे लाविलेले असतात. एकाची पाळी संपली की दुसरा पुढे येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. शेगावहून पंढरपुरास निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी जिल्ह्यातून, गंगाखेडावरून जाते. अशा दिंडीत चालणाऱ्या पखवाजवाल्यासही विसावा असतो, सोबतीस दुसरा असतो. शिवाय चालता माणूस एका जागी ताठ उभ्या माणसापेक्षा कमी अवघडतो. आमचा विद्यार्थी तालमीत सव्वा तास एका जागी उभा असे, आणि त्याची पाळी घेणारा कोणी नव्हता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. जड वाद्य अधिक चांगले वाजते, असे कित्येक वादक मानितात. पखवाजाविषयी त्यात तथ्य आहे. अखंड लाकडाच्या खोडाचा घुमारा पातळ खोडास येत नाही, हे आजोबांचे म्हणणे आम्ही कानांनी पडताळून पाहिले. विजेच्या गिटारीत मात्र तारेचे कंपन चुंबकाच्या वेटोळ्यातून विजेच्या रूपाने पुढे जाते, लाकडाच्या पोकळीतून नव्हे. म्हणून तेथे लाकडाच्या जडपणाचा नादाशी किती संबंध, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. शिकणाऱ्या मुलाने त्या वादापायी खांदा झिजवावा, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

पालकांस एक तुलना सुचवितो. केंद्र सरकारने 2018 मध्ये दप्तराच्या वजनाची जी मर्यादा सांगितली, तीत आठवी-नववीकरिता साडेचार किलो हा आकडा होता. 2020 च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून दप्तर जड नसावे असे म्हटले आहे. म्हणजे आम्ही त्या मुलाच्या गळ्यात नववीचे पूर्ण दप्तर अडकविले होते, तेही एका खांद्यावर आणि दोन बोटे रुंदीच्या पट्ट्याने. मान आणि खांदा यांच्या मधून हाताकडे जाणाऱ्या नसा उतरतात. तेथे अरुंद पट्टा रुतला तर हातास मुंग्या येणे हे आळसाचे लक्षण नव्हे. अशा मुंग्या थांबत नसतील तर मुलास वैद्याकडे न्यावे, आम्हीही नेले. त्यांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली.

त्या पंधरा दिवसांत गावातील एका मोच्याकडून चार बोटे रुंद चामड्याचा पट्टा करून घेतला. चामड्याची खरबरीत बाजू आत ठेविली, म्हणजे सदऱ्यावर पट्टा घसरत नाही आणि दांडीही एकदम खाली जात नाही. जुन्या खुंट्या काढून हलक्या बसविल्या. तालीम खुर्चीवर बसून करावयाची असा नियम केला, आणि उभे राहावयाचे ते केवळ कार्यक्रमाच्या दिवशी. वाद्याचे एकूण वजन यामुळे पाव किलोही घटले नसेल. परंतु मुलगा हात सोडून उभा राहिला तेव्हा दांडी आडवी राहिली. फारच थोडी कलली. ती दांडी तशी राहिलेली पाहून तो हसला, आणि इतक्या महिन्यांत आम्ही त्यास प्रथमच हसताना पाहिले.

जे पालक मुलाकरिता असे वाद्य घेऊ इच्छितात, त्यांनी दुकानात त्याचा आवाज ऐकण्यापूर्वी ते मुलाच्या गळ्यात घालून अर्धा तास तसेच राहू द्यावे आणि मधून मधून हात सोडावयास सांगावे. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. लहान चणीच्या मुलांकरिता आखूड दांडीचीही वाद्ये मिळतात, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थ्याची चिठ्ठी आम्ही त्यास परत दिली. त्याने ती वाचून फाडली, आणि विचारले, "सर, चुडाव्याच्या सप्ताहाला मला सुटी मिळेल ना? आबांचा पहारा या वर्षी माझ्याकडे आहे." सुटी मंजूर केली आहे.