वर्गातील चर्चा : कालामांपासून नागसेनवनापर्यंत



शिक्षकाच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा चांगल्या हेतूनेच होतात. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर विषय लिहिला, 'आरक्षण हवे की नको?' मुलांनी चालू घडामोडींवर निर्भयपणे बोलावे, एवढीच माझी इच्छा होती. पाच-सहा मुले तावातावाने बोलली. बाकीच्यांच्या माना मात्र वळल्या त्या मागच्या बाकावरील तिघांकडे. ते तिघे खाली मान घालून बसले होते. तास संपल्यावर त्यांपैकी एक मुलगी म्हणाली, "सर, पुन्हा हा विषय असेल तर आधी सांगा. मी त्या दिवशी येणार नाही."

त्या दिवशी माझ्या वर्गात वादविवाद झाला नव्हता. तीन मुलांची झडती झाली होती. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, असे विषय वर्गात घेऊच नयेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना धम्मसाहित्याकडे आणि बाबासाहेबांच्या कार्याकडे पुन्हा वळावे लागले. त्या अभ्यासाचे सार येथे मांडत आहे.

१. केसपुत्तचे कालाम

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आपणां सर्वांना परिचित आहे. केसपुत्त गावी अनेक श्रमण-ब्राह्मण येत, आपलेच मत खरे म्हणत आणि दुसऱ्याचे मत तुच्छ लेखीत. त्यामुळे कालाम लोक संभ्रमात पडले होते. तथागतांनी प्रथम त्यांच्या शंकेचा आदर केला. जेथे शंका यावी तेथेच ती आली आहे, असे सांगितले. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथप्रामाण्य एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, हा उपदेश आपण नेहमी सांगतो. परंतु त्याच यादीतील दोन गोष्टी आपण विसरतो. केवळ तर्काला पटले म्हणूनही स्वीकारू नका आणि 'हा श्रमण आमचा गुरू आहे' म्हणूनही स्वीकारू नका, असे तथागत सांगतात.

याचा वर्गाशी थेट संबंध आहे. जो विद्यार्थी शब्दचातुर्याने जिंकतो, त्याचे म्हणणे तेवढ्याने खरे ठरत नाही. शिक्षकाचे मत केवळ शिक्षकाचे आहे म्हणून प्रमाण ठरत नाही. तसेच, ज्याला जे वाटेल ते मानावे, असाही या सुत्ताचा अर्थ नाही. लोभ, द्वेष आणि मोह वाढविणारी गोष्ट सोडावी, हिताची आणि सुखाची ठरणारी गोष्ट स्वीकारावी, अशी कसोटी तेथे दिलेली आहे.

२. पंडितवाद आणि राजवाद

मिलिंदपञ्हात राजा मिलिंद भदंत नागसेनांना चर्चेचे आमंत्रण देतो. नागसेन विचारतात की, चर्चा पंडितांसारखी करणार की राजांसारखी? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, तो सोडविला जातो, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते आणि तरीही कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत धरून बसतात आणि विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. राजाने पंडितांची रीत मान्य केली, त्यानंतरच संवाद पुढे गेला.

वर्गात राजा कोण? एक शिक्षक, कारण गुण त्याच्या हाती असतात. दुसरा राजा म्हणजे बहुसंख्य. वर्गातील पन्नास मुले तिघांकडे वळून पाहतात, तेव्हा तोही राजवादच असतो. शिक्षा फर्मावण्यासाठी सिंहासन लागतेच असे नाही, नुसती नजरही पुरते. माझ्या वर्गात नेमके हेच घडले होते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. बाबासाहेबांच्या या संस्थेच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचाही तेथे गौरव आहे. शिक्षणसंस्थेने कशासाठी असावे, याचा हा मूक पाठच होय.

३. संविधान सभेतील धडा

संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ सुधारणा सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. दि. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी हे आकडे दिले. त्याच भाषणात त्यांनी कामथ, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू, पंजाबराव देशमुख आदी विरोध करणाऱ्या सभासदांचे आभार मानले. सर्वांनी पक्षशिस्त निमूट पाळली असती तर सभेचे कामकाज नीरस झाले असते, हा त्यांचा आशय होता. ज्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, त्यांचेही ऋण मानणे हा पंडितवाद होय.

४. एक नमुना पाठ

आता आपल्याच घरातील अवघड विषय घेऊ. दि. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल, असा निर्णय दिला. २००४ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेला विरुद्ध निर्णय त्यामुळे रद्द झाला. आपल्या समाजातही यावर दोन मते आहेत. म्हणूनच हा विषय अभ्यासासाठी योग्य आहे.

(अ) पहिला तास माहितीचा. अनुच्छेद ३४१ काय म्हणतो? बहुमताचा आधार कोणता? असमान प्रतिनिधित्वाची आकडेवारी हवी आणि सर्व जागा एकाच गटाला देता येणार नाहीत, या मर्यादा कोणत्या हेतूने घातल्या? न्या. बेला त्रिवेदी यांचे भिन्न मत काय होते? राष्ट्रपतींनी जाहीर केलेल्या यादीत केवळ संसदच बदल करू शकते, या त्यांच्या मुद्द्याचा अर्थ काय? माहितीशिवाय मत नाही, हा नियम करावा.

(आ) दुसरा तास बाजूंचा. बाजू चिठ्ठी टाकून ठरवावी. म्हणजे कोणी आपल्या जातीच्या वतीने बोलत नाही. जो विरोधात आहे त्यालाही बाजूने बोलावे लागते. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत पुन्हा सांगावा.

(इ) तिसरा तास निष्कर्षाचा. मतदान घेऊ नये. प्रत्येकाने दोन वाक्ये लिहावीत : माझे कोणते मत बदलले? कोणत्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळाले नाही? गुण मतावर नव्हे, पुराव्यावर द्यावेत.

५. चर्चेची सीमा

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात वाणीची कसोटी आहे. जे असत्य किंवा अहितकारक, ते तथागत बोलत नाहीत. जे सत्य आणि हितकारक आहे ते अप्रिय असले तरी बोलतात, मात्र योग्य वेळ पाहून. शिक्षकाने ही वेळ ओळखली पाहिजे.

आणखी एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. धोरणावर वाद होऊ शकतो, माणसाच्या मोलावर नाही. आरक्षणाची पद्धत, मुदत, निकष यांवर वर्गात जरूर मतभेद व्हावेत. परंतु अमुक समाजाची मुले पात्र आहेत काय, हा वादाचा विषय नव्हे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तिची चर्चा इतिहास म्हणून आणि आजचा अपराध म्हणून होईल, पर्याय म्हणून होणार नाही.

पुढील वर्षी मी तोच विषय पुन्हा घेतला, पण वरील रीतीने. ती मुलगी तेव्हा बारावीत होती. मी तिला आधी सांगितले. ती आली. चिठ्ठीने तिच्या वाट्याला न पटणारी बाजू आली, तरी ती सात मिनिटे बोलली. खाली बसताना म्हणाली, "सर, हे माझे मत नाही, पण आता त्यांचे उत्तर मला देता येईल." मला आणखी काय हवे होते?

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. कालाम सुत्तात तर्कालाही अंतिम प्रमाण का मानलेले नाही?
२. आपल्या घरात, विहारात, मंडळाच्या बैठकीत पंडितवाद चालतो की राजवाद? एक उदाहरण द्या.
३. तुम्हाला न पटणारे एक मत निवडून त्याच्या बाजूने तीन मुद्दे लिहा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असे आपण म्हणतो. त्यातील 'शिका' या शब्दात, आपल्या विरुद्ध बोलणाऱ्याचे शांतपणे ऐकून घेणे हेही येते. समाजातील शिक्षक बंधू-भगिनींनी येत्या वर्षी निदान एक तास तरी असा घ्यावा, ही नम्र विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!