आधी पहिले दोन भाग

वाचणाऱ्या मुलाला भेट काय द्यायची हा प्रश्नच पडत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पुस्तकांचा एक संच घ्यायचा, रंगीत कागदात गुंडाळायचा, झालं. पण दहा ते तेरा वर्षांच्या पट्टीच्या वाचकासाठी मालिका निवडणं हे जपून करायचं काम आहे. ही मुलं एका बैठकीत दीडशे पानं संपवतात. ‘लहान मुलांचं’ म्हणून दिलेलं त्यांना खपत नाही, आणि मोठ्यांच्या कपाटाकडे त्यांची नजर वळलेली असते. भाचरांना, त्यांच्या मित्रमैत्रिणींना आणि आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयात येणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं पुस्तकं देत आले आहे. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते.

१. इयत्ता विचारू नका, आवडलेलं पुस्तक विचारा.

आणि तेही आईवडिलांना नाही, मुलालाच. आईवडील कौतुकाने सांगतात, “ती काहीही वाचते.” त्यातून हाती काही लागत नाही. मुलाला मात्र नेमकं ठाऊक असतं. वाचनालयातल्या एका मुलाला मी विचारलं, फास्टर फेणे का आवडला? तो म्हणाला, “तो थांबतच नाही ना!” त्याच्याच वर्गातली एक मुलगी म्हणाली, “मला गोष्टीतला चोर आधीच ओळखता आला पाहिजे.” वय एक, शाळा एक, पण एकाला पळापळ हवी आणि दुसरीला कोडं. कोणतं पुस्तक अर्ध्यात सोडलं हेही विचारावं. त्या उत्तरातून जास्त कळतं.

२. शब्द कळले म्हणजे सगळं पेललं असं नाही.

वाचण्याचा वेग आणि मनाची तयारी एकत्र वाढत नाहीत. पट्टीच्या वाचकाच्या बाबतीत तर वेग कितीतरी पुढे पळतो. म्हणून गोष्टीतला नायक लहान आहे एवढ्यावर पुस्तक लहानांचं ठरवू नये. मराठीत याची दोन ठळक उदाहरणं आहेत. प्रकाश नारायण संतांचा लंपन आजीआजोबांकडे राहणारा शाळकरी मुलगा आहे, आणि ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं त्याच्यावर आहेत. मराठीत याहून सुंदर काही फार थोडं आहे असं माझं मत आहे. पण ही पुस्तकं मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यांतला हुरहुरीचा सूर दहाव्या वर्षी हाताला लागत नाही. मूल चार पानं वाचून “यात काही घडतच नाही” म्हणतं आणि ते पुस्तक त्याच्यासाठी कायमचं बाद होतं. तेराव्या वर्षी ‘वनवास’ एकटंच द्यावं आणि वाट पाहावी. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही नववीतल्या मुलाची गोष्ट आहे. ती नववीच्या आसपासच वाचावी, पाचवी-सहावीत नव्हे.

हॅरी पॉटरचं गणित वेगळं आहे. १९९७ ते २००७ या काळात त्याचे सात भाग आले, आणि प्रत्येक भागात हॅरी एका वर्षाने मोठा होतो. पहिल्या भागात तो अकरा वर्षांचा होतो, शेवटच्यात सतरा. गोष्टही त्याच्याबरोबर मोठी होते. पहिले तीन भाग दहा-अकराच्या मुलाने खुशाल वाचावेत. चौथ्याच्या शेवटी एका शाळकरी मुलाचा खून होतो, आणि तिथून पुढे मृत्यू, छळ, सत्तेचा खोटेपणा हे सगळं अंगावर येतं. मी तिसऱ्या भागाशी थांबते आणि चौथा पुढच्या वाढदिवसाला देते. मूल हट्ट करतं, मित्राकडून आणून वाचतंही. वाचू द्यावं. हिसकावून घेऊ नये, पण त्या आठवड्यात त्याच्याशी बोलायला आपण घरात असावं.

३. फेलुदा प्रत्येक घरात हवा.

हे मी आग्रहाने सांगते. सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’मध्ये फेलुदा या गुप्तहेराची पहिली गोष्ट लिहिली. ‘संदेश’ हे त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, १९१३ मध्ये सुरू केलेलं मुलांचं मासिक. मुलं वाचणार याची जाण ठेवून लिहिल्यामुळे या रहस्यकथांमध्ये खून असतात, पण बीभत्सपणा नसतो, आणि बुद्धीला मात्र भरपूर खाद्य असतं. गोष्ट सांगतो तो फेलुदाचा शाळकरी चुलतभाऊ तोपसे, म्हणजे वाचणाऱ्याच्याच वयाचा कुणीतरी. ‘सोनार केल्ला’पासून जटायू येतात. हे थरारक कादंबऱ्या लिहिणारे भोळे लेखक. त्यांच्या पुस्तकांतल्या चुका फेलुदा काढत असतो. मुलांना हे फार आवडतं, कारण वाचता वाचता तीही चुका शोधायला लागतात.

मराठीत अशोक जैन यांनी केलेला अनुवाद रोहन प्रकाशनाने काढला आहे. तो सरळ आणि बोलता आहे. गोष्टी लखनौ, जैसलमेर, गंगटोक, काशी अशा हिंडत राहतात. एक मुंबईत घडते आणि एक थेट वेरूळच्या कैलास लेण्यात, मूर्तिचोरांच्या मागावर. माझ्या भाचीने ती वाचली आणि नंतर घरच्यांबरोबर वेरूळला गेली, तेव्हा पहिल्या लेण्यापासून आकडे मोजत सोळाव्यापर्यंत आली आणि सगळ्यांना हाताने थांबवलं. “इथूनच तो आत शिरतो,” म्हणाली, आणि मग खांबांच्या आड, जिन्यांवर, सगळीकडे फिरून आली. इतक्या बारकाईने लेणं पाहणारे मोठे लोक मी कमी पाहिले आहेत.

एक गोष्ट पालकांना आधीच सांगून ठेवते. फेलुदा चारमिनार सिगरेट ओढतो. त्यासाठी पुस्तक लपवायचं कारण नाही. मूल विचारतंच, तेव्हा सरळ उत्तर द्यावं.

४. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला मराठी मालिका पातळ द्यावी.

इंग्रजीत चारशे पानं वाचणारं मूल मराठीत चाळीस पानांत दमतं. ते आळशी नसतं. डोळ्यांना सवय नसते, एवढंच. अशा मुलासाठी दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. एकेक गोष्ट स्वतंत्र, भाषा आजच्या घरातली, आणि बोक्याच्या उचापतींमागे कुणाच्या तरी मदतीला धावण्याची वृत्ती. मुळात ते आकाशवाणीसाठी लिहिलेलं असल्यामुळे मोठ्याने वाचायला फार छान आहे. पहिली गोष्ट आपण वाचून दाखवावी, दुसरी अर्धी वाचावी आणि उठावं. उरलेली मूल आपलं आपण वाचतं.

फास्टर फेणे त्यानंतर. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश अजूनही मुलांना धावायला लावतो, पण त्यात तार आहे, ट्रंक कॉल आहे, जुनं पुणं आहे. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ तर त्याहूनही जुन्या काळातला. आजोबा-आजी घरात असतील तर ही दोन्ही जरूर द्यावीत. मूल प्रश्न विचारतं आणि आजोबांना सांगायला विषय मिळतो.

५. सगळा संच एकदम देऊ नका.

वीस पुस्तकांची चळत मुलाच्या पुढ्यात ठेवली की ते हरखतं, पण दोन दिवसांनी ती चळत अभ्यासासारखी दिसू लागते. शिवाय पहिला भाग आवडला नाही तर एकोणीस पुस्तकं धूळ खात पडतात आणि मुलाला उगीच अपराधी वाटत राहतं. मी पहिले दोन भाग देते. एकाने पुरेशी ओळख होत नाही. दुसऱ्यात माणसं परत भेटतात आणि मालिका म्हणजे काय ते कळतं. मग फोन येतो, “मावशी, तिसरा कधी आणतेस?” हा फोन आला की पुढचे भाग बिनधास्त घ्यावेत. नाही आला तर दुसरी मालिका बघावी.

६. मुलगा-मुलगी असा भेद करू नका.

यावर जास्त काय लिहायचं! फेणे मुलींनाही तितकाच आवडतो, आणि मुलीची गोष्ट दिली म्हणून एकाही मुलाने माझ्याकडे पुस्तक परत आणून दिलेलं नाही.

७. स्वतः वाचल्याशिवाय देऊ नका.

निदान पहिला भाग. मुखपृष्ठावर वयोगट छापलेला असला तरी आपल्या घरातलं मूल छापणाऱ्याला माहीत नसतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं पुस्तक दोन संध्याकाळींत वाचून होतं. आणि भेट दिल्यावर खरा आनंद पुढेच असतो, कारण मुलाला त्यावर बोलायला माणूस लागतं. वाचायला वेळच नसेल तर मालिका बाजूला ठेवून माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चा कुमार गट द्यावा. निवडीची जबाबदारी तिथे जाणत्या माणसाने घेतलेली आहे, आणि त्यातल्या उताऱ्यांवरून मुलाला कोणता लेखक भावतो तेही कळतं.

८. नाव घालायची घाई नको.

मुंजीत आणि वाढदिवसाला एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती येतात. ‘चि. अमुक हिस सप्रेम भेट’ हे सुट्या कागदावर लिहून आत ठेवावं आणि पावती जपावी, म्हणजे दुकानदार बदलून देतो. पुस्तक वाचून झालं, आवडलं, की मग मुलासमोर बसून पहिल्या पानावर शाईने लिहावं.

प्रकाशकांना आणि दुकानदारांना एक कळकळीची विनंती आहे. मालिकेच्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर क्रमांक छापा, म्हणजे पहिलं कोणतं ते शोधावं लागणार नाही. आणि संच फोडून विकायला नाही म्हणू नका. पहिले दोन भाग सुटे मिळाले, तर पुढच्या भागांसाठी ते मूलच आम्हाला हाताला धरून तुमच्या दुकानात घेऊन येईल.