घरच्या दप्तराविषयी

सारसोळे, नवी मुंबई
नारळी पौर्णिमा

चि. बाळ यास,

पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून असलेले घरचे सारे कागद तू स्कॅन करून संगणकावर घेतलेस, याचा मला मनापासून संतोष झाला. परंतु ते ज्या रीतीने ठेवले आहेस ती पाहता, पेटीतला गोंधळ संगणकात नेण्यापलीकडे अद्याप फारसे काही साधलेले नाही. डेस्कटॉपवर ‘नवीन फोल्डर’, त्याच्या पोटात ‘नवीन फोल्डर (२)’, त्यात ‘स्कॅन ०००१’ पासून वाढत गेलेल्या फाइली, आणि निवाड्याच्या नकलेशेजारी कोणाच्या तरी हळदीचे फोटो, असा सगळा थाट आहे. माझी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली आणि अव्वल कारकून म्हणून मी सेवानिवृत्त झालो; तेव्हा यंत्राचे ज्ञान मला तुझ्याइतके नसले, तरी कागद कसा ठेवावा हे सांगण्याचा अधिकार आहे, असे समजून हे लिहितो.

दप्तर लावावे ते मागणाऱ्याच्या सोयीने. कागद व्हॉट्सॲपवर आला की ईमेलने, कोणत्या दिवशी स्कॅन झाला, हे ठेवणाराच जाणतो. मागणारा विचारतो ते एवढेच, की कोणत्या जमिनीचा, कोणाच्या नावाचा आणि कशासंबंधीचा. इंग्रजी अमदानीत अँडरसनसाहेबांच्या नियमपुस्तकाने गावदप्तराची जी घडी बसवली, तिचे मर्म हेच आहे. गाव नमुने एक ते एकवीस. फेरफाराची नोंद सहाव्यात, हक्क सातव्यात, पिके बाराव्यात, खातेदाराचे एकत्रित खाते आठ-अ मध्ये. म्हणूनच तलाठी बदलला, तालुका बदलला, तरी सात-बारा मागितल्यावर कोणता कागद काढायचा हे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

आता आपल्या घरात कागद मागितला जातो तो कशासाठी, याचा विचार कर. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या, तेव्हापासून आपल्या लोकांचा हक्क शेताच्या बांधावरून उठून कागदावर येऊन बसला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. त्या हक्काच्या वाटपपत्राला ‘स्कॅन ००४७’ हे नाव शोभत नाही. तेव्हा ‘जमीन’, ‘घर’, ‘होडी व मासेमारी’, ‘माणसे’, ‘बँक व कर’ असे पाचच मोठे फोल्डर कर. ‘जमीन’मध्ये सर्व्हे नंबरवार आणि ‘माणसे’मध्ये व्यक्तिवार पोटफोल्डर ठेव, आणि त्याखाली आणखी उतरंड रचू नकोस.

फाइलीच्या नावात प्रथम कागदाची तारीख, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. मग कागदाचा प्रकार. मग सर्व्हे नंबर अथवा व्यक्तीचे नाव. उदाहरणार्थ, ‘१९८७-०६-१५ निवाडा ४५-२’. दिवस आधी लिहिलास, तर संगणक साऱ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र लावील आणि इतिहासाचा क्रम मोडेल. हिस्सा नंबर कागदावर ‘४५/२’ असा असला, तरी ती तिरकी रेघ विंडोज फाइलीच्या नावात स्वीकारीत नाही. म्हणून सर्वत्र आडवी रेघ दे. तुझ्या वडिलांनी श्रीलिपीत टंकलेले जुने अर्ज आहेत, ते तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वाचता येत नाहीत. त्यांच्या पीडीएफ प्रती आताच करून घे.

काय ठेवावे याइतकेच काय टाकावे हेही ठरलेले असावे. सरकारी अभिलेखाचे वर्ग तुला ठाऊक नसतील: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा, आणि ‘ड’ एका वर्षाचा. निवाडा, फेरफार, वारसदाखला आणि वाटपपत्र हे आपले ‘अ’ वर्गाचे कागद. मोबाईलचे बिल ‘ड’ वर्गाचे, ते वर्ष सरताच निःसंकोच काढून टाक. डाउनलोडचा फोल्डर म्हणजे कारकुनाचे टेबल. त्यावर आलेला कागद आठवड्याच्या अखेरीस आपल्या जागी गेलाच पाहिजे, मग तो निकाली असो वा प्रलंबित. मात्र फाइल नीट लागली म्हणून मूळ कागद रद्दीत घालण्याचा मोह धरू नकोस. सुनावणीच्या वेळी अस्सल किंवा प्रमाणित नक्कलच पुढे करावी लागते.

आणखी एक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई-ठाण्यात किती घरांच्या कपाटांतील कागदांचा लगदा झाला, ते ज्यांनी पाहिले त्यांना एकाच ठिकाणी ठेवलेल्या दप्तराचा भरवसा वाटत नाही. आपण खाडीकाठची माणसे. म्हणून एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क या घरात न ठेवता आत्याकडे पेणला. शिवाय एक प्रत क्लाउडवर, जिचा पासवर्ड घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असावा.

इतके झाल्यावर एक परीक्षा घे. आईला संगणकापुढे बसव, तू खोलीबाहेर जा, आणि तिला खाडीकडच्या जमिनीचा निवाडा काढायला सांग. तिने तो कोणाला न विचारता काढला, तर दप्तर लागले असे समज; न सापडला, तर दोष तिच्या अज्ञानाचा न मानता फोल्डरांची नावे तिच्या तोंडच्या शब्दांत बदल, आणि पुन्हा तिलाच बसव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मोठा काका