एका अंशाचे मोल : उन्हाळा आणि घरातील छोटा समुद्र

शाळेच्या स्मरणिकेत मत्स्यालयावर अभ्यासलेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शांती नगरातील काही घरांत, आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरांतही, आता खाऱ्या पाण्याच्या लहान काचटाक्या दिसू लागल्या आहेत. त्यांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश असतात, एखादी रंगीत कोळंबी असते, खडकांची रचना असते. मुले तासन् तास त्यांच्यापुढे बसतात. मात्र एप्रिल उजाडला की पालक एकच प्रश्न घेऊन येतात : पाणी तापते आहे, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत आहेत, काय करावे? या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. विषय विज्ञानाचा आहे. पण आपल्या परिसराचा इतिहास आणि आपले शील, दोहोंचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

उष्णतेने नेमके काय होते?

समुद्री टाकीचे पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले, तर त्यातील जीव सुखाने जगतात. पारा ३० अंशांवर गेला की संकटाला आरंभ होतो. भगवान बुद्धांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. कोणतीही घटना एकटी उद्भवत नाही; एक कारण दुसऱ्याला जन्म देते.

पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. समुद्राच्या खारटपणाचे एक लिटर पाणी २५ अंशांना सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते. ३० अंशांना ते प्रमाण ६.२ मिलिग्रॅमवर येते. मासा हा शीतरक्ताचा जीव असल्यामुळे त्याच वेळी त्याचा श्वासोच्छ्वास वाढतो. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. उरलेले अन्न अधिक वेगाने कुजते आणि कुजण्यालाही प्राणवायू लागतो. अशा साखळीत रात्री दिवे मालवल्यावर, पहाटेच्या सुमारास मासे दगावतात आणि घरच्यांना वाटते की काल तर सारे ठीक होते.

प्रवाळाची कथा आणखी नाजूक आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, त्याला अन्न देते आणि रंगही देते. उष्णता असह्य झाली की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. पण तो उपाशी असतो.

लहान टाकीची मोठी अडचण

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. मोठ्या टाकीतले पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. घरची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असेल, तर तिच्यात जेमतेम ५५ लिटर पाणी मावते. एवढे पाणी एका अंशाने तापवायला सुमारे २२५ किलोज्यूल उष्णता पुरते. २० वॅटचा एक पंप पाण्यात बुडवून ठेवला, तर तो तीन तासांत जवळजवळ तेवढी उष्णता पाण्यात सोडतो. वर दिव्यांची उष्णता, खिडकीतून येणारे ऊन आणि दुपारनंतर तापणारी पश्चिमेची भिंत यांची भर पडते.

म्हणून पहिला नियम असा : पाणी थंड करण्याआधी ते तापू देऊ नये. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी. जुने तापणारे दिवे काढून एलईडी दिवे लावावेत आणि ते दुपारी न लावता सायंकाळी लावावेत. काचेचे झाकण काढून त्या जागी जाळी बसवावी. झाकणाखाली कोंडलेली हवा ही उष्णतेची गोधडीच असते. जाळी मात्र हवीच, कारण मासे उडी मारतात. शक्य असेल तेथे पंप पाण्याबाहेर बसवावा. कडक उन्हाळ्यात माशांना खाद्य कमी द्यावे. आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे तापमापी. सकाळी, दुपारी आणि रात्री तापमानाची नोंद वहीत करावी. नोंद नसेल तर सारा अंदाजच ठरतो.

माठाचा आणि मिठागराचा धडा

एवढे करूनही पाणी तापतेच. मग आपल्या आज्यांनी वापरलेले शास्त्र कामी येते. मातीच्या माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. टाकीच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा लहान पंखा हेच काम करतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. म्हणजे आपल्या ५५ लिटरच्या टाकीतून केवळ १०० मिलिलिटर पाणी उडाले, तरी एका अंशाइतकी उष्णता बाहेर पडते. दहा-पंधरा वॅटचा पंखा टाकी दोन-तीन अंशांनी निववू शकतो, याचे रहस्य हेच.

परंतु येथे आपल्या हवेची मर्यादा आडवी येते. नागपूरला दीक्षाभूमीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ठाऊक आहे की तेथे ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो. तोच कूलर मीरा रोडला आणला, तर घर केवळ दमट होते. कोरडी हवा वाफ आनंदाने घेते. आपल्या किनाऱ्यावरची हवा आधीच ओलाव्याने जड असते. त्यामुळे येथे पंख्याबरोबर खिडकी उघडी असणे आवश्यक आहे. बंद खोलीतला पंखा आपल्याच वाफेत अडकतो आणि निरुपयोगी ठरतो.

दुसरी गोष्ट आपल्या परिसराची भूमी शिकविते. मीरा-भाईंदरचा हा पट्टा मिठागरांचा. खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, ते ऊन-वाऱ्याने आटू द्यायचे आणि मागे राहिलेले मीठ ओढायचे, या श्रमावर येथील कित्येक पिढ्या जगल्या. पाणी उडते, मीठ उरते, हे त्या श्रमिकांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना ठाऊक होते. पंखा लावलेली टाकी हे एक लहान मिठागरच असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतून रोज एक लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही, तर ५५ लिटरचे ४८ लिटर होतात आणि क्षारता ३५ वरून ४० वर जाते. उष्णतेपासून वाचविलेला मासा खारटपणाने त्रस्त होतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोज करावी आणि ती गोड्या, शुद्ध पाण्यानेच करावी. खाऱ्या पाण्याने कधीही करू नये. फिल्टरचे आरओ पाणी उत्तम. नळाचे पाणी थेट ओतू नये, कारण त्यात क्लोरीन असते. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवली, तर हे काम आठ वर्षांचे मूलही बिनचूक करते.

बर्फ, यंत्र आणि वीज

काही वेळा तातडीचा उपाय लागतो. एक लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्याने भरून गोठवावी आणि झाकण घट्ट लावून टाकीत तरंगत ठेवावी. ती पूर्ण वितळून टाकीच्या पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत साधारण ४५० किलोज्यूल उष्णता शोषते, म्हणजे आपली टाकी दोन अंशांनी उतरते. सुटा बर्फ पाण्यात टाकू नये. त्याने क्षारता बिघडते. दोन-तीन बाटल्या एकदम टाकण्याचा मोहही टाळावा. तापमान झपाट्याने खाली आणणे हा जिवांना दुसरा धक्का असतो. तासाला एका अंशाहून अधिक उतार नको.

बाजारात पाणी थंड करणारी यंत्रे मिळतात. ती परिणामकारक आहेत, पण महाग आहेत. शिवाय ती पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतात, त्यामुळे हवा खेळती नसेल तर खोली तापते. सामान्य कुटुंबाला पंखा, जाळी आणि नियमित नोंद एवढ्यावर बहुतेक उन्हाळा निभावता येतो.

खरा घात होतो तो वीज गेल्यावर. पाणी हलणे थांबते आणि तापलेल्या पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरात असावा. तोही नसेल, तर स्वच्छ पेल्याने टाकीतलेच पाणी उचलून उंचावरून पुन्हा पुन्हा ओतावे.

भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा काळ आपल्या आनंदाचा आणि गावी जाण्याचाही असतो. नेमक्या त्याच दिवसांत टाकीला सर्वाधिक लक्ष लागते. कुलूप लावलेल्या, खिडक्या बंद केलेल्या घरात मे महिन्यात टाकी ठेवून जाणे म्हणजे त्या जिवांना वाऱ्यावर सोडणे होय. ज्यांनी आमच्या वसतिगृहात दिवस काढले, त्यांना पाळ्यांचा तक्ता आठवत असेल. तसाच तक्ता घरी करावा, शेजाऱ्याला एक किल्ली द्यावी, पाण्याची खूण दाखवावी.

कायदा आणि शील

टाकी मांडण्याआधी एक गोष्ट जाणून घ्यावी. खडक रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्याने ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत प्रवाळ आहे. आपल्या समुद्रातून तो काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. वाळलेला तुकडाही यातून सुटत नाही. म्हणून टाकीत सिरॅमिकचे कृत्रिम खडक ठेवावेत आणि समुद्रातून पकडलेल्या माशांऐवजी पैदास केंद्रात जन्मलेले क्लाउनफिश घ्यावेत.

कायद्याच्या पलीकडे शीलाचा प्रश्न आहे. पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. मासा हाताने मारला नाही, पण दुर्लक्षाने मरू दिला, तर शील पाळले असे म्हणता येईल का? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, तेव्हा आपले पाणी दुसऱ्या कोणी ठरवावे हा अन्याय संपविण्याचा तो निर्धार होता. काचेमागच्या जिवाचे पाणी सर्वस्वी आपण ठरवितो. ते किती गार, किती खारे, किती स्वच्छ, यांपैकी काहीही त्याच्या हाती नाही. ज्याच्यावर आपली अशी संपूर्ण सत्ता चालते, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपली करुणा जोखली जाते. वेळ आणि तयारी नसेल, तर टाकी न ठेवणे हाच सम्यक निर्णय होय. मुलांनाही हे स्पष्ट सांगावे.

मोठ्या समुद्राचा ताप

आता आपल्या टाकीकडून समुद्राकडे पाहू. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. खुद्द मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळी येथील काही वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या. १९९८ च्या उष्ण वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांचे मोठे विरंजन झाले आणि २०२४ मध्ये ते तेथे पुन्हा दिसले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा केली. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून अवघ्या एका अंशाने तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे संकट ओढवते.

एक अंश म्हणजे किती थोडे, असे बातमी वाचणाऱ्याला वाटते. परंतु ज्या मुलाने एप्रिल-मे महिन्यांत रोज तीनदा तापमापी पाहिली, १०० मिलिलिटर पाणी उडाल्यावर एक अंश उतरतो हे अनुभवले, आणि २९ चे ३० होताना माशांची तगमग डोळ्यांनी पाहिली, त्याला तसे वाटणार नाही. काचेच्या टाकीवर पंखा लावता येतो. अरबी समुद्रावर तो लावता येत नाही. तेथे आपल्याला पहिलाच नियम पाळावा लागेल : तापू न देणे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी अशी टाकी आहे, त्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात तापमानाची वही ठेवावी आणि शाळा उघडल्यावर ती विज्ञानाच्या वर्गात आणून द्यावी, ही विनंती. धाकट्या भावंडांना त्यातून जे शिकता येईल, ते कोणत्याही फळ्यावर लिहून शिकविता येणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!