फोटोच्या पोटातली नोंद

२०२१ साली आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हापासून एरंडोलच्या शिवारात आपण स्वतः कपाशीचा फोटो काढतो. फोटोत झाड दिसते, बोंड दिसते. पण फोटोच्या पोटात एक नोंदही असते. ती वरून दिसत नाही.

ही नोंद मोबाइल आपणहून करतो. तारीख आणि वेळ लिहितो. भिंगाचे तोंड किती उघडे होते, उजेड किती वेळ आत आला, तेही लिहितो. १/१०० दिसले, तर सेकंदाचा शंभरावा भाग समजावा. लोकेशन चालू असेल, तर जागाही लिहिली जाते. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. तिची रीत १९९५ साली जपानात ठरली. फोटो उघडून 'तपशील' पाहिला, की ती वाचता येते.

पावसाने पीक बुडाले, तर असा फोटो पुराव्याला कामी येतो. पण मोबाइलचे घड्याळ चुकले, तर नोंदही चुकते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो धाडला, तर नोंद बहुधा गळून पडते. म्हणून मूळ फोटो पुसू नये.

आणखी एक. घराचा मूळ फोटो अनोळखी माणसाला देऊ नये. जागेची नोंद त्याला आपले घर दाखवील.

आपण सातबारा वाचायला शिकलो. आता फोटोही वाचू या.